‘व्हिएतनाम वगळता’ जॉन्सन

दिवाळीला आमचे मामा आले होते न्यू जर्सीहून. १९६९ साली खिशात आठ डॉलर घेऊन गेलेल्या पिढीतला माणूस, आता ऐंशीच्या पुढे. फराळाच्या ताटावर विषय कुठून कुठे जातात माहितीच आहे, कुणीतरी ट्रम्पचं नाव काढलं, मग आधीचे प्रेसिडेंट कसे होते यावर गाडी गेली आणि मामा म्हणाले की मी तिथे गेल्यापासून इतकं वाचलं, इतकं पाहिलं, माझ्या मते सगळ्यात मोठा माणूस लिंडन जॉन्सन, केनेडीच्या हत्येनंतर प्रेसिडेंट झालेला, व्हिएतनामचं युद्ध वगळता. आमची लेक इतिहासात एमए करतेय, तिनं हातातली चकली खाली ठेवली. "वगळता? मामाआजोबा, तीस लाख माणसं वगळायची?" त्यानंतर अर्धा तास मामा मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) म्हणाले की ती नेपाम (माणसं जाळणारे बॉम्ब) म्हणायची आणि ती नेपाम म्हणाली की मामा व्होटिंग राइट्स (काळ्यांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा) म्हणायचे. शेवटी बासुंदी आली म्हणून थांबलं.

मला दोघांचंही पटलं नाही, पण बासुंदीपुढे बोलायला चान्स मिळाला नाही म्हणून इथे लिहितोय. गंमत म्हणजे अमेरिकेतले जाणकारसुद्धा हा वाद असाच घालतात. सी-स्पॅन चॅनेल दर काही वर्षांनी इतिहासकारांना दहा निकषांवर सगळ्या प्रेसिडेंटना मार्क द्यायला लावतं, २०२१ च्या यादीत जॉन्सन अकरावा. समान न्यायाच्या रकान्यात अगदी वर, परराष्ट्र संबंधांच्या रकान्यात तळाकडे, बेरीज करा, भागा, अकरावा. म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलावरचंच भांडण, फक्त दशांश चिन्हासकट.

माझं म्हणणं असं की ‘व्हिएतनाम वगळता’ हे जॉन्सनच्या बाबतीत बोलताच येत नाही, आणि लेकीचा उलटा प्रकार, म्हणजे व्हिएतनाम आहे ना मग बाकीचं सगळं नाटक, तोही तितकाच कच्चा आहे. दोघंही माणसाचे दोन तुकडे करतात, घरचा जॉन्सन आणि बाहेरचा जॉन्सन, आणि मग आपापला तुकडा घेऊन बसतात. रेघ ओढायचीच असेल तर ती देश आणि परदेश यांच्या मधून जात नाही, ती जाते त्यानं लोकांना कुठे किंमत सांगितली आणि कुठे लपवली यांच्या मधून. जिथे सांगितली तिथलं काम आजही उभं आहे. जिथे लपवली तिथे माणसंही गेली आणि कामही गेलं.

१९६५ चं कॅलेंडर समोर ठेवून बघा. ७ मार्चला अलाबामातल्या सेल्मा गावात एडमंड पेटस पुलावर, मतदानाचा हक्क मागत निघालेल्या काळ्या लोकांना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपलं, अश्रुधूर सोडला. दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, व्हिएतनाममध्ये दा नांगला अमेरिकेचे ३५०० मरीन उतरले. पुलावर डोकं फुटलेला पंचवीस वर्षांचा जॉन लुईस म्हणाला की प्रेसिडेंट व्हिएतनामला सैन्य पाठवू शकतात तर सेल्माला का नाही, म्हणजे जखमेतून रक्त वाहत असताना त्या पोराला जे एका वाक्यात जोडता आलं ते आपल्याला साठ वर्षांनी वेगवेगळ्या रकान्यांत टाकावंसं वाटतं. पुढे २८ जुलैला जॉन्सननं पत्रकारांसमोर जाहीर केलं की व्हिएतनाममधलं सैन्य ७५ हजारांवरून १ लाख २५ हजार होणार आणि सक्तीची भरती महिन्याला १७ हजारांवरून ३५ हजारांवर जाणार. ३० जुलैला तो मिसुरीत म्हाताऱ्या ट्रुमनच्या गावी गेला आणि त्याच्या शेजारी बसून मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. ६ ऑगस्टला व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टवर सही. दहा दिवस! त्याच दहा दिवसांत तोच माणूस, तेच सल्लागार, तीच पेनं. यातून कुठला दिवस वगळणार?

मामांच्या बाजूनं जे सगळ्यात मजबूत बोलता येतं ते आधी प्रामाणिकपणे मांडतो, कारण मामांना ते नीट मांडता आलं नाही. युद्ध जॉन्सननं सुरू केलं नाही. केनेडी गेला तेव्हा व्हिएतनाममध्ये १६ हजारांच्या आसपास अमेरिकन लष्करी सल्लागार आधीच बसलेले होते. केनेडीच्या हत्येच्या तीन आठवडे आधी सायगावमध्ये दक्षिण व्हिएतनामचा प्रेसिडेंट दिएम याचा खून झाला, ज्या बंडात तो झाला त्याला वॉशिंग्टननं अडवलं नव्हतं, त्यामुळे तिथल्या पुढच्या अनागोंदीची जबाबदारी अमेरिकेच्या गळ्यात पडलेलीच होती. मॅकनमारा, रस्क, बंडी हे सगळे सल्लागार केनेडीचे, हार्वर्ड-बिर्वर्ड, आणि हा टेक्सासच्या टीचर्स कॉलेजचा, ते एकमुखानं म्हणतायत लढा तर हा एकटा कसा नाही म्हणणार. शिवाय १९४९ ची आठवण. चीन कम्युनिस्ट झाला आणि ‘चीन कुणी घालवला’ म्हणून ट्रुमनच्या सरकारची पार सालटी काढली गेली, जॉन्सन त्याच वर्षी जानेवारीत सिनेटमध्ये आला होता, त्यानं ते पहिल्या बाकावरून पाहिलं. व्हिएतनाम घालवला असता तर उजव्या लोकांनी त्याला फाडून खाल्लं असतं आणि गरिबांसाठीचे, काळ्यांसाठीचे कायदे त्यातच गेले असते. निवृत्तीनंतर तो स्वतः हेच सांगायचा, की ज्या ग्रेट सोसायटीवर, म्हणजे या सगळ्या कायद्यांच्या कार्यक्रमावर, जीव होता तिला सोडून त्या युद्धामागे जावं लागलं, न जातो तर भित्रा ठरतो. थोडक्यात धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

हे ऐकायला पटतं. मलाही बरीच वर्षं पटत होतं. मग टेप आल्या. जॉन्सन स्वतःचे फोन रेकॉर्ड करायचा (का करायचा देव जाणे, पण इतिहासावर उपकार झाले) आणि २७ मे १९६४ चं एक संभाषण आहे मॅकजॉर्ज बंडीबरोबर. दा नांगच्या नऊ महिने आधीचं. त्यात तो म्हणतो की हे म्हणजे दुसरं कोरिया होणार असं दिसतंय, यासाठी लढावं अशी त्याची लायकी मला वाटत नाही, आणि बाहेर पडता येईल असंही वाटत नाही. त्याच दिवशी तो सिनेटमधला आपला जुना गुरू रिचर्ड रसेल याच्याशी बोलला, तो पक्का दक्षिणी, लष्कराचा माणूस, तोसुद्धा म्हणाला की हा भयंकर गुंता आहे. म्हणजे फसवलं कुणी नव्हतं. सल्लागारांनी अंधारात ठेवलं वगैरे नाही. माणसाला खड्डा दिसत होता.

बाहेर पडता येणार नाही, हे खरं होतं का? नोव्हेंबर १९६४ मध्ये जॉन्सन ६१ टक्के मतं घेऊन निवडून आला, ४८६ विरुद्ध ५२ इलेक्टोरल मतं. नव्या सिनेटमध्ये १०० पैकी ६८ डेमोक्रॅट, हाउसमध्ये ४३५ पैकी २९५. याच्याइतका सेफ प्रेसिडेंट त्यानंतर अमेरिकेला मिळालेला नाही. १७ फेब्रुवारी १९६५ ला त्याचाच व्हाइस प्रेसिडेंट ह्युबर्ट हम्फ्री यानं त्याला मेमो लिहिला, की राजकीय धोका सगळ्यात कमी असलेलं वर्ष हेच आहे, निवडणूक नुकतीच प्रचंड मतांनी जिंकलीय, सोडायचं तर आत्ताच. उत्तर काय मिळालं? हम्फ्रीला व्हिएतनामच्या बैठकांना बोलवणं बंद. आणि आधीची उदाहरणं डोळ्यांसमोर होतीच. आयझेनहॉवरनं १९५३ मध्ये कोरियात तडजोड केली, १९५४ मध्ये व्हिएतनाममधल्याच दिएन बिएन फूला फ्रेंच सैन्य अडकलं तेव्हा मदतीला उडी मारली नाही, आणि १९५६ ला पुन्हा आरामात निवडून आला. फ्रान्समध्ये द गॉलनं १९६२ मध्ये अल्जीरिया सोडला, जो फ्रेंचांच्या लेखी वसाहत नव्हता, फ्रान्सचाच भाग होता, त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तरी टिकला. मजा म्हणजे दिएन बिएन फूच्या वेळी ३ एप्रिल १९५४ ला ज्या मोजक्या काँग्रेस नेत्यांना बोलावून विचारलं गेलं त्यांत सिनेटमधला डेमोक्रॅटांचा नेता म्हणून खुद्द जॉन्सन बसला होता, आणि त्या नेत्यांनीच विचारलं होतं की मित्रदेश बरोबर आहेत का, नाहीतर दुसरं कोरिया नको, ज्यात बहुतेक माणसं आमचीच. अकरा वर्षांनी तो स्वतःचाच प्रश्न विसरला? विसरला नव्हता, टेपवर कोरियाचं नाव तर घेतोय.

मग का? मला वाटतं उत्तर त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. हा माणूस १९४८ ला सिनेटची प्रायमरी ८७ मतांनी जिंकला, अ‍ॅलिस नावाच्या गावातल्या १३ नंबरच्या पेटीत उशिरा सापडलेल्या २०२ नावांवर, जी नावं एकाच शाईत आणि बऱ्यापैकी अक्षरानुक्रमे लिहिलेली होती. (आपल्याकडच्या बूथवाल्यांना यात काही विशेष वाटणार नाही.) पण नुसता लबाड असता तर असे शेकडो होते. जॉन्सनचं वेगळेपण हे की समोरच्याला नेमकं काय हवंय आणि तो कशाला भितो हे त्याला चेहऱ्यावर वाचता यायचं. १९५७ चं नागरी हक्काचं बिल त्यानं सिनेटमधून काढलं ते दक्षिणेवाल्यांना सांगून की यात काही दम नाही, आणि उत्तरेवाल्यांना सांगून की ही पहिली पायरी आहे. दोन्ही खरं होतं! पण प्रत्येकाला अर्धंच सांगितलेलं. ही सवय पुढे व्हाइट हाउसमध्ये गेली. ८ जानेवारी १९६४ ला त्यानं गरिबीविरुद्ध ‘बिनशर्त युद्ध’ पुकारलं, शब्द बघा, युद्ध, आणि त्यासाठी मागितले किती, तर १०० कोटी डॉलरपेक्षाही कमी, कारण सिनेटर हॅरी बर्डला बजेट १० हजार कोटींच्या खाली हवं होतं आणि त्याच्या कमिटीतून टॅक्सकपात सोडवून घ्यायची होती. टॅक्स कमी, बजेट कमी, आणि गरिबीविरुद्ध बिनशर्त युद्ध. इतक्या स्वस्तात तर लग्नसुद्धा होत नाही.

आता त्याच्याच शेजारी व्हिएतनामलगतचं टोंकिनचं आखात ठेवा. २ ऑगस्ट १९६४ ला उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी अमेरिकन युद्धनौकेवर हल्ला केला हे खरं. ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता, तिथून आलेले निरोपच शंकेखोर होते. ७ ऑगस्टला प्रेसिडेंटला तिथे लष्कर वापरायची मोकळीक देणारा ठराव पास, हाउसमध्ये ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. मॉर्स आणि ग्रुएनिंग, ही त्या दोघांची नावं, लक्षात ठेवण्यासारखी. बाकीच्यांना वाटलं एक कडक इशारा देतोय, हातात दिला होता कोरा चेक. आणि जुलै १९६५ मध्ये सैन्य वाढवताना त्यानं राखीव दलं बोलावली नाहीत, युद्धासाठी टॅक्स मागितला नाही, धोरणात बदल नाही म्हणाला. कारण मेडिकेअर आणि मतदानाचं बिल त्याच आठवड्यात काँग्रेसमध्ये शेवटच्या टप्प्यात होतं, युद्धाचा आकडा बाहेर आला असता तर आकडेमोड सुरू झाली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. युद्धासाठी १० टक्के जादा टॅक्स शेवटी पास झाला जून १९६८ मध्ये, तोपर्यंत महागाई चढली होती, आणि त्या टॅक्सच्या बदल्यात काँग्रेसनं ६०० कोटींची खर्चकपात लिहून घेतली. कात्री पहिल्यांदा कुणाच्या ताटावर चालते हे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्यात जास्त छळते, मेकाँगची. ७ एप्रिल १९६५ ला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यानं भाषण केलं, की आग्नेय आशियाच्या विकासाला अमेरिका १०० कोटी डॉलर देईल, मेकाँग नदीवर अशी धरणं होतील की आमचं टेनेसी खोऱ्यातलं धरणांचं काम खुजं वाटेल. लोक याला थाप म्हणतात. मला वाटत नाही ती थाप होती. टेक्सासच्या ज्या हिल कंट्रीत तो वाढला तिथे बायका विहिरीतून पाणी शेंदून शेंदून अकाली वाकायच्या, वीज नव्हती, आणि १९३७ ला काँग्रेसमध्ये निवडून गेल्यावर त्यानं रूझवेल्टच्या मागे लागून पेडर्नालिसच्या खोऱ्यात वीज आणली, हे त्याच्या आयुष्यातलं त्याला स्वतःला सगळ्यात आवडणारं काम. वीज आली की माणूस बदलतो हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे उत्तर व्हिएतनामचा नेता हो चि मिन्हलाही तो मनापासून वीजच देऊ करत होता, एखाद्या अडून बसलेल्या सिनेटरला धरण द्यावं तसं. त्याला खरंच कळत नव्हतं की आधी जपान्यांशी, मग फ्रेंचांशी लढलेल्या माणसाला धरणाच्या बदल्यात देशाची फाळणी पटणार नाही. इथे घरचा जॉन्सन कुठे संपतो आणि बाहेरचा कुठे सुरू होतो, सांगा ना? त्या भाषणाच्या महिनाभर आधीपासून उत्तर व्हिएतनामवर ‘रोलिंग थंडर’ या हवाई मोहिमेचे बॉम्ब पडत होते, धरणाचं आमंत्रण आणि बॉम्ब एकाच पत्त्यावर.

आता लेकीकडे. तिचा मुद्दा असा की नागरी हक्कांचे कायदे रस्त्यावरच्या लोकांनी मिळवले, जॉन्सननं फक्त सही केली, आणि माणूस स्वतः वंशवादी होता. यातलं बरंच खरं आहे. १९३७ पासून वीस वर्षं त्यानं दक्षिणेच्या बाकीच्या खासदारांसारखीच मतं दिली, लिंचिंगविरोधी बिलालाही विरोध केला. खाजगीत काळ्यांसाठी जे शब्द तो वापरायचा ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. आणि सेल्माच्या पुलावर डोकी फुटली नसती तर १९६५ चं बिल त्या वर्षी आलं नसतं हेही खरं. पण मग एक सांग, १९६३ मध्ये चळवळ नव्हती का? बर्मिंगहॅमला पोरांवर कुत्रे सोडले गेले, वॉशिंग्टनला लाखो लोक जमले, केनेडीनं बिल आणलं, आणि नोव्हेंबरमध्ये तो गेला तेव्हा ते बिल हाउसच्या रूल्स कमिटीत धूळ खात होतं. ते बाहेर काढून, सिनेटमध्ये दक्षिणेवाल्यांनी अडीच महिने भाषणं ठोकून अडवलेलं असताना, तिथला रिपब्लिकनांचा नेता डर्कसन याला गळ घालून १० जून १९६४ ला ७१ विरुद्ध २९ नं चर्चा बंद पाडणं, हे रस्त्यावरून होत नसतं. चळवळीनं दार ठोठावलं, आत बसून कडी काढणारा लागतोच, आणि आपल्याला आपल्याकडच्या कायद्यांच्या इतिहासावरूनही हे कळायला हरकत नाही.

आणि लक्षात घे, इथे त्यानं किंमत लपवली नाही. रसेलला, आपल्या गुरूला, त्यानं स्वच्छ सांगितलं की या बिलात तडजोड नाही, तू आडवा आलास तर तुला तुडवून जाईन. १५ मार्च १९६५ ला दोन्ही सभागृहांसमोर, टीव्हीवर, सगळा देश बघत असताना चळवळीचंच गाणं उचलून ‘वुई शॅल ओव्हरकम’ म्हणाला, आणि १९२८ साली कोटुला गावच्या शाळेत शिकवताना त्या गरीब मेक्सिकन पोरांच्या डोळ्यांत काय दिसायचं ते सांगितलं. दक्षिण हातची जाणार हे त्याला माहीत होतं, गेली. आणि परिणाम? मिसिसिपीत मतदार यादीवर नाव असलेल्या काळ्यांचं प्रमाण ६.७ टक्के होतं, १९६७ मध्ये ते ५९.८ झालं. मनात काय होतं ते मनातच राहिलं, यादीवर नावं चढली. मेडिकेअरचंही तसंच, त्याचा हॉस्पिटलचा भाग पगारातून कापून जातो, दर महिन्याला स्लिपवर दिसतो, म्हणूनच आजवर त्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. शिवाय त्याच पैशाच्या जोरावर १९६६ मध्ये दक्षिणेतल्या हॉस्पिटलना काळे-गोरे वॉर्ड वेगळे ठेवणं काही महिन्यांत बंद करावं लागलं, नाहीतर मेडिकेअरचा एक पैसा मिळणार नव्हता. वंशवादी माणसाचं नाटक म्हणून हे सोडून द्यायचं? त्या वॉर्डातल्या पेशंटला विचारून बघ.

आपल्या लोकांचाही जॉन्सनशी संबंध आलाय, आणि तो फक्त मामांच्या व्हिसापुरता नाही. आमची आई सांगते, लहानपणी रेशनच्या लायनीत उभं राहून अमेरिकेचा लाल गहू आणायचा, पुढे मिलो (तिकडची ज्वारी) आला. तो पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदतीच्या कायद्याखालचा गहू. १९६५ च्या जूनमध्ये जुना करार संपल्यावर जॉन्सननं नवा लांब मुदतीचा करार केलाच नाही, महिन्या-महिन्याच्या हिशोबानं जहाजं सोडायची आणि तीही स्वतः फाइल बघून. इकडे पाऊस दगा देतोय, १९६६ मध्ये देशानं सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणलं, बिहारमध्ये दुष्काळ, आणि तिकडे वॉशिंग्टनमध्ये हा माणूस कुठलं जहाज कधी निघेल ते बघतोय. शास्त्रीजींचा अमेरिका दौरा त्यानं एप्रिल १९६५ मध्ये परस्पर पुढे ढकलला होता. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवू नका म्हणून सांगितलं त्या दिवसांतला हा सगळा अपमान. इंदिरा गांधींनी व्हिएतनामवरचे हल्ले थांबवा म्हटल्यावर तो आणखी चिडला. एक किस्सा सांगितला जातो की भारत जे म्हणतोय तेच पोप आणि यूनोचे सरचिटणीस ऊ थांट म्हणतायत असं कुणी सुचवलं तेव्हा उत्तर आलं, त्या दोघांना आमचा गहू लागत नाही. आता याची दुसरी बाजूही आहे, नोव्हेंबर १९६५ मध्ये आपले शेतीमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी रोममध्ये अमेरिकेच्या शेतीमंत्र्यांबरोबर जे ठरवलं, खतं, बियाणं, शेतीवर जास्त पैसा, ते त्यांना स्वतःलाही करायचंच होतं, जॉन्सनच्या दट्ट्यानं दिल्लीतल्या विरोधकांची तोंडं बंद झाली, आणि १९६६ मध्ये १८ हजार टन मेक्सिकन गव्हाचं बियाणं आलं. मग हा गहू चांगल्या रकान्यात टाकायचा की वाईट? मला तर तो त्याच माणसाच्या त्याच हाताचा वाटतो, पोसणाराही तोच आणि दोरी आवळणाराही तोच.

कुणी म्हणेल, युद्धातले सगळेच प्रेसिडेंट लपवतात, एकट्या जॉन्सनलाच का धरायचं? बरोबर आहे. विल्सन १९१६ ला ‘यानं आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं’ या घोषणेवर जिंकला आणि एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरला. रूझवेल्ट ऑक्टोबर १९४० मध्ये बॉस्टनला म्हणाला तुमची मुलं परक्या युद्धात पाठवणार नाही, आणि ब्रिटनला पडद्याआडून जमेल ती मदत चालू होती. पण रूझवेल्टनं युद्ध सुरू झाल्यावर काय केलं? काँग्रेसकडे जाऊन रीतसर युद्ध जाहीर करून घेतलं, टॅक्स वाढवला, साखर-पेट्रोल रेशनवर टाकलं, श्रीमंतांची पोरं आणि स्वतःची चारही पोरं गणवेशात. लिंकननं आयकर लावला, सक्तीची भरती आणली, वर त्या ऐन धुमाळीत १८६४ ला निवडणूक घेतली आणि हरायची तयारी ठेवली. म्हणजे बिल टेबलावर ठेवलं. जॉन्सनच्या युद्धात कॉलेजात शिकणाऱ्याला सूट होती, टॅक्स तीन वर्षं नव्हता, दुकानं भरलेली होती, लढायला जात होता गरिबाचा मुलगा आणि बाकी देशाला सांगितलं होतं की तुम्ही काही सोडायची गरज नाही. १९६८ च्या शेवटी तिथे ५ लाख ३६ हजार अमेरिकन सैनिक होते. त्या एका वर्षात १६ हजारांवर मेले. आणि व्हिएतनामी? पूर्ण युद्धाचे आकडे १९९५ मध्ये त्यांच्याच सरकारनं दिले, ११ लाख लढणारे, २० लाख सामान्य लोक. लेकीचे तीस लाख हे असे, ते सगळे काही जॉन्सनच्याच काळातले नाहीत, पण सैन्य तिथे नेऊन रोवलं त्यानं.

‘वगळता’ म्हणायचा अधिकार जर कुणाला असेल तर तो मार्टिन ल्यूथर किंग यांना होता. मतदानाच्या कायद्यावर सही झाली तेव्हा ते तिथे हजर होते, जॉन्सननं सहीचं पेन त्यांना दिलं. गप्प बसले असते तर सगळ्यांच्या सोयीचं होतं, त्यांच्याच संघटनेतले लोक सांगत होते की घरचा प्रेसिडेंट आपला आहे, बाहेरचं आपल्याला काय करायचंय. ४ एप्रिल १९६७ ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ते उभे राहिले आणि म्हणाले की गरिबीविरोधी कार्यक्रमातून आशा वाटत होती, मग युद्ध आलं आणि तो कार्यक्रम एखाद्या खेळण्यासारखा मोडताना पाहिला, जी काळी पोरं आपल्या गावात हक्क मिळवू शकत नाहीत त्यांना आठ हजार मैलांवर दुसऱ्यांचे हक्क राखायला पाठवतायत. मोठ्या पेपरांनी त्यांना झोडपलं, न्यूयॉर्क टाइम्ससुद्धा. व्हाइट हाउसचे दरवाजे बंद झाले. ज्यांच्यासाठी ‘घरचा जॉन्सन’ खरोखर कामाला आला होता त्या माणसानं दोन तुकडे करायला नकार दिला, आणि आपण न्यू जर्सीत नाहीतर कोथरूडमध्ये बसून ते करतोय.

हे मी मामांना फोनवर सांगितलं, बरंच लांबवून. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, अरे ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी इमिग्रेशनच्या कायद्यावर सही करताना तो म्हणाला होता, हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर याचा परिणाम होणार नाही. त्याआधी सबंध भारताचा कोटा होता वर्षाला १००. आज डेट्रॉइट-शिकागोपासून कुठेही जा, मंडळाच्या गणपतीला पार्किंग मिळत नाही. ती पण तुझ्या हिशोबानं लपवलेली किंमतच का? मी म्हटलं मामा, इथे बहुतेक त्याला स्वतःलाच माहीत नव्हती. मामा हसले. डिसेंबर १९७२ चं सांगू लागले, ऑस्टिनला नागरी हक्कांवर परिषद होती, हृदयविकारानं पोखरलेला जॉन्सन डॉक्टर नको म्हणत असताना बर्फातून तिथे गेला, मध्येच स्टेजवर गोळी घेतली, आणि म्हणाला की सहा वर्षं मिळाली आणि याहून जास्त करता आलं नाही याची लाज वाटते. सहा आठवड्यांनी, २२ जानेवारी १९७३ ला, गेला. पाच दिवसांनी पॅरिसमध्ये शांतता करारावर सह्या झाल्या. व्हिएतनामची लाज वाटते असं तो जाहीरपणे कधी म्हणाला नाही हे मामांनी आपणहून कबूल केलं.

"बरं ते जाऊ दे," मामा म्हणाले, "१९६४ ला तुला मत असतं तर त्याला दिलं असतंस का?"

दिलं असतं. समोर रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर होता, नागरी हक्काच्या बिलाविरुद्ध मत दिलेला, व्हिएतनाममध्ये जोरात घुसा म्हणणारा. आणि मतदानाच्या दोनच आठवडे आधी जॉन्सन ओहायोत अ‍ॅक्रनला सांगत होता की आशियातल्या पोरांनी जे स्वतः करायला हवं ते करायला आम्ही आमची पोरं नऊ-दहा हजार मैल लांब पाठवणार नाही.